चाळीसच्या पुढे

गाडी मावशींनी पाहिली आणि यजमानांनी मोजली.

"हिचं पोट जमिनीपासून किती वर आहे, माहितेय तुला?" यजमान गुडघ्यांवर बसून, गळ्यातली टेप गाडीखाली सरकवत म्हणाले. "चार बोटं! अगं, विजारीला मी याहून जास्त दुमड ठेवतो."

"अहो, गाडी घ्यायचीय, शिवायची नाहीये. उठा बघू," मावशी म्हणाल्या.

मावशींचे यजमान पेशानं शिंपी. दोनदा मापल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्यांचा धर्म. मावशी म्हणजे शाळेच्या बसच्या मावशी. बावीस वर्षं बस चालवून गेल्या शुक्रवारी त्या निवृत्त झाल्या होत्या आणि सोमवारी सकाळी सातला इथं, या भडक जांभळ्या गाडीपुढे उभ्या होत्या. मधले दोन दिवस त्यांनी कसे काढले ते यजमानांनाच ठाऊक. शनिवारी त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या. रविवारी पुन्हा पुसल्या.

गाडीबद्दल काय सांगावं! मूळ कंपनीनं आपलं लेकरू ओळखलं नसतं, इतकं तिच्यात बदललं होतं. इंजिनला मोठा टर्बो बसवलेला, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलेली, पाठीवर इस्त्रीच्या टेबलाएवढा पंख, आणि सायलेन्सर असा की त्याचा आणि शांततेचा काडीचा संबंध नाही. पुढच्या दोन सीट खोलगट. त्यांत माणूस बसत नाही, पडतो. विकणारा तरुण होता, धंद्यानं केकवाला.

"एवढी हौसेची गाडी, मग विकतोस कशाला?" यजमानांनी टेप गुंडाळत विचारलं. दोष सापडला की बरं, असा त्यांचा एकूण सूर होता.

"काका, हौस केली तेव्हा मी केक करत नव्हतो," तो खिन्नपणे म्हणाला. "आता करतो. हिच्यातून तीन मजली केक न्यायला घेतला की पोचेपर्यंत तो तळमजला होतो. गिऱ्हाईकं म्हणतात, चव छान आहे, पण हे आहे काय?"

मावशी काही ऐकत नव्हत्या. त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते यजमानांनी लग्नानंतर फार वेळा पाहिलं नव्हतं.

त्याचं असं होतं. शाळेच्या बसला चाळीसचं कुलूप असतं. कितीही दाबा, ती चाळीसच्या पुढे जात नाही. बावीस वर्षं मावशींना सगळ्यांनी मागे टाकलं. ट्रकनं टाकलं, ट्रॅक्टरनं टाकलं, उतारावर सायकलवाल्यांनीसुद्धा टाकलं. मावशींनी कधी चकार शब्द काढला नाही. पण मनात एकच होतं, निवृत्त झाले की आयुष्यात एकदा तरी जोरात जायचं. हातात आलेल्या पैशांतून दुसरं काही नको होतं. साडी नको, सहल नको, ही गाडी हवी होती.

यजमान मात्र तिथं नकार द्यायला आले होते. रात्रभर त्यांनी नकाराचं वाक्य मापून-जोखून तयार केलं होतं. ते फक्त योग्य जागा शोधत होते.

"आधी चालवून तर बघा," केकवाला म्हणाला. तो पुढे मावशींच्या शेजारी बसला, यजमान मागे कोंबले गेले, आणि गाडी असा आवाज करून सुरू झाली की पलीकडच्या इमारतीत तीन खिडक्या उघडल्या.

गावाबाहेर मोठा रस्ता होता. सरळ, रुंद, मोकळा.

"मावशी, आता दाबा."

"दाबलंय."

"चाळीस आहे."

"हो ना. चाळीस."

"नाही, म्हणजे अजून दाबा."

मावशींनी ओठ आवळले. कपाळाला घाम आला. काटा चाळीसवर जाऊन उभा राहिला, आणि जणू तिथं थांबा असल्यासारखा पुढं हलेना. मागून गवताचा भारा लादलेला ट्रक आला आणि निघून गेला. मग एक सायकलवाला आला. त्यानं पंख पाहिला, जांभळा रंग पाहिला, मावशींना पाहिलं, घंटी वाजवली आणि पुढे गेला.

"या गाडीला कुलूप नाहीये हो, मावशी," केकवाला काकुळतीला येऊन म्हणाला.

"गाडीला नसेल," मावशी हळूच म्हणाल्या. "माझ्या पायाला आहे. जातच नाही रे तो पुढे."

मागच्या सीटवर यजमानांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. नकार द्यायचं कामच उरलं नव्हतं. पण आरशात बायकोचे डोळे दिसले. तयार केलेलं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

"चला, वळू परत," मावशी म्हणाल्या आणि गाडी वळवली. आता मन ठिकाणावर नसलं की हात काय करतात? सवयीचं काम करतात. मावशींच्या हातांनी गाडी डावीकडे घेतली, मग उजवीकडे, मग पाण्याच्या टाकीपाशी हळू केली आणि थांबवली. वेळ झाली होती आठ वाजून दोन मिनिटं.

"इथं का थांबलो?" केकवाल्यानं विचारलं.

"थांबा आहे," मावशी म्हणाल्या, आणि मग स्वतःच दचकल्या. "अगं बाई!"

आणि थांब्यावर खरंच एक मुलगी उभी होती. एका बाजूला वेणी, दुसऱ्या बाजूला मोकळे केस, डोळ्यांत पाणी. मावशींनी तिचं नावच अर्धीवेणी ठेवलं होतं. ती रोज दोन मिनिटं उशिरा यायची आणि मावशी रोज दोन मिनिटं थांबायच्या.

"मावशी! बस गेली! नवीन काका थांबलेच नाहीत!"

"किती वाजता गेली?"

"बरोबर आठला!"

मावशींना सगळं कळलं. नवा चालक वेळेचा पक्का होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की वेळापत्रक कागदावर एक असतं आणि मावशींच्या डोक्यात वेगळं.

"बस मागे," मावशी म्हणाल्या. केकवाल्यानं उतरून आपली सीट दुमडली आणि अर्धीवेणी यजमानांच्या शेजारी जाऊन बसली. यजमानांनी तिची उरलेली वेणी घालायला घेतली. केस असोत की दोरा, त्यांच्या बोटांना गुंतलेलं बघवत नाही.

"मावशी, ही चाचणी चालू आहे ना अजून?" केकवाल्यानं विचारलं.

"तू गप बस रे जरा. पुढच्या थांब्यावर ते दोघं असणार."

ते दोघं होतेच. जुळे भाऊ, नावं 'हा' आणि 'तो', अर्थात मावशींनीच ठेवलेली. रोज एकाचा मोजा सापडायचा नाही आणि दुसरा त्याच्यासाठी थांबायचा. गाडी बघून दोघांनी एकदम आ वासला.

आता गाडीत सीट चार आणि माणसं सहा.

"दोघांना मांडीवर घेऊ," केकवाला म्हणाला.

"माझ्या गाडीत मांडीवर कुणी बसत नाही," मावशी कडाडल्या. "एक सीट, एक माणूस, एक पट्टा. उतर खाली."

"मावशी, गाडी माझी आहे!"

"म्हणून तर तुला आधी सांगतेय."

केकवाला उतरला. मागून यजमानही बाहेर निघाले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मी थांबतो तुझ्याबरोबर. तारण समज. बायको काही मला सोडून गाडी घेऊन पळायची नाही." मग थोडा विचार करून म्हणाले, "बहुधा."

अर्धीवेणी मोठी म्हणून पुढे बसली, जुळे मागे, आणि गाडी चाळीसच्या गतीनं, प्रचंड आवाज करत दिसेनाशी झाली.

थांब्याच्या कठड्यावर दोघे बसले. केकवाला नखं खात होता.

"घाबरू नकोस," यजमान म्हणाले. "बावीस वर्षांत तिनं गाडीला साधा ओरखडा पाडला नाही."

"काका, खरं सांगा, तुम्हाला ही गाडी नकोय ना? मघापासून बघतोय मी."

यजमानांनी आपल्या हातांची बोटं पुढे धरली. "मध्ये तीन वर्षं माझी ही बोटं चालत नव्हती," ते म्हणाले. "सुई धरता यायची नाही. दुकान बंद. ती सकाळी बस चालवायची, दुपारी यायची, माझ्या हाताला तेल लावायची, परत बस. एकदा म्हणून बोलून दाखवलं नाही. बोटं सुधारली, दुकान उघडलं, आणि मी तिला साधं बरं वाटेल असं काही बोललोसुद्धा नाही रे. आणि आज नाही म्हणायला आलो होतो. लाज वाटते मला."

केकवाल्यानं नखं खाणं थांबवलं. त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेला केकचा तुकडा काढला आणि अर्धा यजमानांना दिला. तेवढ्यात यजमानांचा फोन वाजला.

"अहो," पलीकडून मावशींचा आवाज आला, आणि त्यामागे एका मोठ्या गाडीचा हॉर्न. "गाडी अडकली."

"कुठं?"

"शाळेच्या फाटकात. गतिरोधकावर. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि पोट मध्ये टेकलंय."

यजमानांनी कपाळावर हात मारला. तो गतिरोधक मावशींनीच मागून घेतला होता. त्यासाठी तीन अर्ज केले होते. झाल्यावर तो बुटका वाटला, म्हणून उंच करण्यासाठी चौथा केला होता.

"आणि मागे कोण हॉर्न वाजवतंय?"

"माझी बस!" मावशी रडकुंडीला आल्या होत्या. "तो नवा दोन थांबे चुकून फिरून आला. आता माझ्या मागे अडकलाय. पन्नास मुलं आत, शाळा भरायला सात मिनिटं. बावीस वर्षांत एक दिवस उशीर नाही, आणि आज मीच अख्ख्या शाळेच्या वाटेत आडवी!"

केकवाल्यानं फोन ओढून घेतला. "मावशी, डिकीत दोन फळ्या आहेत. मी नेहमी ठेवतो. पोरांना उतरवा, म्हणजे गाडी दोन बोटं वर येईल. मग मागच्या चाकांखाली फळ्या, आणि हळूच पुढे."

मग तिथं जे झालं ते बघायला हवं होतं. बसमधून पन्नास मुलं उतरली आणि रांगेत उभी राहिली, कारण मावशींच्या समोर कुणी रांग मोडत नसे. हा आणि तो यांनी फळ्या लावल्या. मुख्याध्यापिका बाई लगबगीनं बाहेर आल्या.

"मावशी, तुम्ही निवृत्त झालात ना?"

"झाले हो बाई. हातापायांना कळलं नाही अजून."

नवा चालक खाली उतरला. भांडायचं म्हणूनच उतरला होता, पण समोर कोण आहे ते कळल्यावर त्यानं टोपी काढली. "मावशी, मुलं सकाळपासून एकच सांगतायत, मावशी थांबायच्या. कुणासाठी आणि किती, तेवढं सांगा हो. फार उपकार होतील."

मावशींनी सांगितलं. टाकीपाशी दोन मिनिटं, जुळ्यांकडे तीन, वळणावरच्या चष्मेवाल्याला हाक मारायची, तो पुस्तक वाचत बसतो. चालकानं तळहातावर लिहून घेतलं. गाडी गडगडाट करत गतिरोधकावरून उतरली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि घंटा व्हायला एक मिनिट बाकी असताना सगळी आत होती. अर्धीवेणी परत पळत आली, मावशींच्या कमरेला मिठी मारून पुन्हा पळाली. आज तिच्या दोन्ही वेण्या घातलेल्या होत्या.

मावशी परत आल्या त्या नाक लाल करून.

"पुढे खाली ओरखडा पडलाय," त्यांनी उतरताच केकवाल्याला सांगितलं. "लपवणार नाही. भरून देईन."

केकवाल्यानं वाकून बघितलं. "हे पाच माझे आहेत. तुमचा एकच, आणि तोही नीटनेटका. जाऊ द्या हो."

"तुझे आभार मानू तेवढे थोडे, बाळा. पण ही गाडी मी घेत नाही." मावशींनी किल्ली पुढे केली. "घोडा चांगला आहे, माझा पायच बसचा आहे. मी हिला चाळीसनं चालवणार आणि जग मला घंटी वाजवत पुढे जाणार. त्यापेक्षा नको."

केकवाल्यानं हात पुढे केला, पण किल्ली उचलली ती यजमानांनी.

"बस त्या बाजूला," ते म्हणाले.

"कोण, मी? अहो, तुम्ही? तुम्ही गाडी शेवटची कधी चालवलीत?"

"परवाना दर वेळी नवा करून घेतलाय. आजपर्यंत चालवायची वेळ आली नाही, कारण तू होतीस. बस म्हणतो ना."

मावशी बसल्या, म्हणजे पडल्या. केकवाला मागे दुमडला गेला. यजमानांनी आरसा दोनदा लावला, पट्टा दोनदा ओढून पाहिला, सीट दोनदा सरकवली आणि मोठ्या रस्त्याला लागल्यावर एकदाच, पण पूर्ण दाबलं.

गाडी किंचाळली. केकवालाही किंचाळला. काटा चाळीसवरून असा गेला की जणू तिथं थांबा नव्हताच मुळी. साठ, सत्तर, ऐंशी. तसलाच एक गवताचा ट्रक मागे पडला. यजमानांचं तोंड पांढरं पडलं होतं, पण पाय हटत नव्हता. मावशींनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मग त्या जे हसत सुटल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो, त्या बाजूला तळं आहे!" त्या ओरडल्या. "बावीस वर्षं या रस्त्यानं गेले, मला दिसलंच नव्हतं हो!"

पुढे जाऊन यजमानांनी गाडी बाजूला घेतली आणि घाम पुसला.

"घ्यायची," ते मागे वळून केकवाल्याला म्हणाले. "पण चालवणार मी. ही शेजारी बसणार." मग बायकोकडे न बघता, नीट पुढे बघत म्हणाले, "तू एवढ्या लोकांना सोडलंस. तुला कुणी कुठं सोडलं नाही. मीसुद्धा नाही. आता सांग, कुठं सोडू?"

मावशींनी विचार केला. खूप विचार केला. आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. शेवटी त्यांनी पदरानं डोळे पुसले, सीटमध्ये मागे रेलल्या आणि म्हणाल्या,

"शाळा सोडून कुठंही."