आजच्या भावाचं पेट्रोल

खण्ण! डब्याचं झाकण तिच्या हातातून निसटलं, स्वयंपाकघरभर गरगरलं आणि भिंतीला धडकून पडल्यावरही उगाच दोनदा वाजलं. शनिवारची दुपार होती. पावणेचार वर्षांची भिंगरी अर्ध्या तासाच्या विनवण्यांनंतर आत्ता कुठे झोपली होती. आई श्वास रोखून उभी राहिली. आतून हूं की चूं नाही. मग तिने डब्यात पाहिलं, आणि रोखलेला श्वास तसाच राहिला.

डब्यात पाळणाघराच्या प्रवेशाचे पैसे होते. म्हणजे असायला हवे होते. त्यांच्या जागी एक चकचकीत कार्ड होतं. त्यावर पेट्रोलपंपाचं चित्र आणि खाली ओळ, ‘आजच्या भावाने भरा, वर्षभर हसा.’

“अरे,” ती बाहेरच्या खोलीत येऊन अगदी हळू म्हणाली. हा हळू आवाज नवरा ओळखून होता. त्याने वर्तमानपत्र आणखी थोडं वर धरलं.

“डब्यातले पैसे कुठेत?”

“आहेत ना. पेट्रोलच्या रूपात आहेत.”

नवऱ्याला नेहमी लांबचं दिसायचं. तिच्या माहेरी त्याला ‘दुर्बीण’च म्हणत. साबण महागणार म्हणून त्याने एकदा एवढा साबण आणून ठेवला होता, की दोन वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातावर जाताना एक वडी पडत होती.

“अगं, भाव वाढणारेत! सगळे म्हणतायत. दीडशे लिटर घेऊन टाकलं आजच्या भावाने. पुढच्या वर्षी लोक रडतील आणि आपण...”

“हसू. वाचलं मी. सोमवारी दहाच्या आत पैसे भरले नाहीत तर भिंगरीची जागा जाईल. रांगेत सातजण आहेत. आणि बुधवारी मी कामावर हजर झाले नाही तर माझी जागा जाईल. तीन वर्षांनी बोलावलंय रे त्यांनी मला. हे नाही दिसलं तुझ्या दुर्बिणीतून?”

दुर्बिणीतून जवळचं दिसत नाही, हे नवऱ्याला त्या क्षणी पटलं. “मला वाटलं, पगार झाला की...”

“पगार शुक्रवारी होतो.”

तासाभरात तिघंही पंपावर होती. पंप गावाबाहेर तेरा किलोमीटरवर, म्हणजे पैसे परत मागायला जातानाही पेट्रोल जळतच होतं. मॅनेजर केबिनमध्ये चहात बिस्किट बुडवत होता.

“पैसे परत नाही मिळत, साहेब. कार्डाच्या मागे लिहिलंय.”

लिहिलं होतं खरं, पण मुंगीने वाचावं अशा अक्षरांत.

“मग दुसऱ्या कुणाच्या गाडीत भरू?”

“तुमच्याच नंबरच्या गाडीत भरता येतं.”

“डब्यात द्या.”

“डब्यात आग लागते.”

“अहो, मग मी या दीडशे लिटरचं करू काय?”

मॅनेजर मनाने चांगला होता. त्याने बिस्किट बाजूला ठेवून दोन क्षण विचार केला. “फिरा ना, साहेब,” तो म्हणाला.

रविवारी नवऱ्याने रबरी नळी आणली. वरच्या मजल्यावरचे शेजारी थोड्या कमी भावात आणि रोख पैशांनी टाकी भरून घ्यायला तयार झाले होते. नवऱ्याने नळीचं एक टोक गाडीच्या टाकीत घातलं, दुसरं तोंडात धरलं आणि जीव खाऊन ओढलं. शेजाऱ्यांच्या टाकीत थेंबही पडला नाही. नवऱ्याच्या तोंडात मात्र घोटभर आलं. पाकीट हातात घेऊन उभे असलेले शेजारी “पाणी प्या, पाणी प्या” म्हणत पाकिटासकट वर निघून गेले.

“आई, बाबांच्या तोंडाला गाडीचा वास येतोय,” भिंगरीने जाहीर केलं आणि त्या रात्रीचा पापा आईच्या खात्यावर वळवला.

सोमवारी साडेनऊला ती एकटीच पाळणाघरात गेली. तिथल्या मावशी म्हणजे चाळीस मुलांना एका भुवईने खाली बसवणारी बाई. पण आज दोन्ही भुवया फोनमध्ये अडकल्या होत्या.

“अरे, पोरगं चावलं म्हणून कुणी नोकरी सोडतं का? दात तरी किती त्याला!... हॅलो? हॅलो?” मावशींनी फोन आपटला. “गेला. व्हॅनचा ड्रायव्हर गेला माझा. तुझं काय गं?”

तिने कार्ड टेबलावर ठेवलं. घरून निघताना तयार केलेलं भाषण ऐनवेळी दगा देऊन पळालं. “मावशी, पैशांऐवजी... पेट्रोल आहे.”

“ते काय मी पिऊ?”

“नको. आमच्याकडे पिऊन झालंय.”

मावशींनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “माझ्या व्हॅनमध्ये चालेल हे?”

“नाही. फक्त आमच्या गाडीत.” तिचा आवाज बारीक झाला. “मावशी, बुधवारी मी हजर झाले नाही तर ते दुसरी बाई घेतील. मग मला पुन्हा कोण विचारणार?”

मावशींनी खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या तिच्या निळ्या गाडीकडे पाहिलं. मग एक भुवई हळूहळू जागेवर आली.

“मुलं किती मावतील त्यात?”

“तुमची तीन. आणि भिंगरी.”

“चालवणारा कोण?”

“घरचाच आहे.”

“चावणारी पोरं आहेत गं.”

“सोसेल. सवय आहे.”

“मग रोज सकाळी मुलं आणायची. जेवढं पेट्रोल जळेल, तेवढं त्या दिवसाच्या भावाने प्रवेशाच्या पैशांतून वजा. फिटेपर्यंत. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली. नवऱ्याला विचारलं नाही. डब्याला हात घालताना त्याने तरी कुठे विचारलं होतं?

बुधवारी ती कामावर हजर झाली. तिच्याआधी दीड तास नवराही हजर झाला होता. मागच्या सीटवर एक चावरा, एक गाणं म्हटल्याशिवाय न उतरणारा आणि एक ‘शू आली’ हे शू झाल्यावर सांगणारी. शुक्रवारी पगार होताच तो नोटा घेऊन मावशींकडे धावला.

“पैसे ठेव खिशात,” मावशी म्हणाल्या. “नोटा काय गाडी चालवतात? शब्द झालाय.”

त्या रात्री नवऱ्याने हिशोब मांडला आणि त्याला एक चमत्कारिक गोष्ट उमगली. पेट्रोल महागलं तर आपण लवकर सुटू. स्वस्त झालं तर मेलो. सगळं जग भाव उतरावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं, आणि हा एकटा भाव चढावा म्हणून रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी हात जोडायचा. मागचे चौघेही जोडायचे. बाबाकाका काहीतरी छान मागत असणार, एवढाच त्यांचा भाव.

“महाग होऊ दे!” नवरा पुटपुटायचा.

“महाऽऽग होऊ दे!” मागून कोरस.

तिसऱ्या आठवड्यात चावऱ्याचा बाप पाळणाघरात येऊन उभा राहिला. तो टॅक्सी चालवायचा.

“मावशी, हे शिकवता काय पोरांना? काल रात्री जेवायच्या आधी हात जोडून म्हणतंय, पेट्रोल महाग होऊ दे! माझ्या घरात! माझं मीठ खाऊन!”

मावशींची भुवई नवऱ्याकडे वळली. नवरा चाळीस मुलांच्या बरोबरीने खाली बसला.

त्या दिवसापासून प्रार्थना मनातल्या मनात करायचं ठरलं. पण देवाने आधीचं ऐकलं होतं की काय कोण जाणे, सोमवारी भाव वाढला. गुरुवारी आणखी वाढला. लोक पंपावर कपाळ बडवत होते आणि नवरा घरात शीळ घालत होता. “माझ्या दुर्बिणीला हसत होतीस ना? दोनच महिने राहिले! मग सकाळी साडेनवापर्यंत घरी. तुझ्यासमोर. आरामात!”

“हो का,” ती म्हणाली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली की तिला निघायला चाळीस मिनिटं उरत. त्या चाळीस मिनिटांत घरात कुणीच नसे. पहिल्या दिवशी तिने भांडी आवरली होती. दुसऱ्या दिवशी नुसता चहा केला आणि बसून, गरम असताना, शेवटपर्यंत प्यायली. गेल्या तीन वर्षांत चहा गरम असतो हेच ती विसरली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

शुक्रवारी सकाळी नवरा गाडी काढायला खाली गेला. ती भिंगरीची वेणी घालत होती. भिंगरीने हात जोडले, डोळे घट्ट मिटले, ओठ हलवले. मग एक डोळा उघडून पाहिलं, तर आईचेही डोळे मिटलेले.

“आई, मी बाबांसाठी महाग मागितलं,” भिंगरी कुजबुजली. “तू काय मागितलंस?”