चिकटवलेले महाराज

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, विचारणाऱ्यांचं तिथं फारसं बरं होत नसे) सगुणा नावाची एक साळुंकी राहत होती.

मुलांनो, साळुंकीला दुसऱ्याचा आवाज काढता येतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सगुणाला दुसऱ्याचा चेहराही काढता येई. गळलेली पिसं, सापाची कात, साळिंदराचे काटे, अर्धवट खाल्लेली फळं असलं काहीबाही ती गोळा करी आणि पळसाच्या मोठ्या पत्रावळीवर बाभळीच्या डिंकानं चिकटवी. चिंचोक्याचे डोळे आणि शेवग्याच्या शेंगेची सोंड लावली, की समोर हत्ती उभा! शहरातले लोक याला कोलाज म्हणतात आणि भिंतीवर टांगतात. जंगलात त्याला रिकामा उद्योग म्हणत आणि बघायला मात्र झुंडीनं येत.

या जंगलाचा राजा होता वज्रनख नावाचा सिंह. रोज सकाळी सगळ्या प्राण्यांनी ताठ उभं राहून त्याचं गौरवगीत म्हणायचं, असा रिवाज होता. गीत रचलं होतं बगळेप्रधानांनी. प्रधान दिवसभर एका पायावर डोळे मिटून उभे असत. ते देवाचा विचार करतात असं लोक म्हणत. मासे तसं म्हणत नसत.

गीत असं होतं :

जय जय वज्रनख, गर्जना तुझी थोर,
डोलती हे डोंगर, नाचती हे मोर!

सगुणाही ताठ उभी राही. चालही तीच धरी. फक्त हळूच म्हणे :

जय जय वज्रनख, घोरणं तुझं थोर,
जागं सारं रान, पेंगती हे मोर!

शेजारचा ससा फसकन हसे. त्याच्या शेजारची खार हसे. हसू दाबता दाबता अख्खी रांग हलू लागे. प्रधानांना वाटे, भक्तीनं अंग थरथरतंय.

"अगं, तुझी जीभ आणि तुझा डिंक, दोन्ही एक दिवस आपल्याला भोवणार आहेत," सगुणाचा नवरा भिवाजी म्हणे.

"अहो, थट्टाच तर आहे," सगुणा म्हणे. "थट्टेनं कुणी मरतं का?"

आता या जंगलात आणखी एक रिवाज होता. राज्याभिषेकाच्या वाढदिवशी प्रत्येकानं आपल्या अंगावरचं गळलेलं काहीतरी महाराजांना भेट द्यायचं. मोर पीस देई, हरीण शिंग देई, साप कात देई. महाराज मान डोलवत आणि सगळा ढीग गुहेच्या मागे टाकून दिला जाई. सगुणा वर्षभर त्या ढिगाची वाट बघे.

त्या वर्षी ढीग फार मोठा झाला. सगुणाच्या चोचीला खाज सुटली. तिनं महाराजच चिकटवायला घेतले. आयाळ केली शेतातल्या मक्याच्या कणसांच्या केसांची, चांगली घोंगडीएवढी दाट. दात भोपळ्याच्या बियांचे. नाक म्हणजे कवठाची अर्धी करवंटी. डोळ्यांना लावले गोगलगाईंचे दोन शंख. एक पाही पूर्वेला, एक पश्चिमेला. डोक्यावर मुकुट म्हणून मधमाश्यांनी सोडून दिलेलं पोळं.

चित्र पाहून माकडं फांद्यांवरून खाली पडली. कासव उताणं होऊन हसलं आणि त्याला सरळ करायलाही कुणी हसणं थांबवीना.

तेवढ्यात रानकुत्रे आले. हे महाराजांचे शिपाई. त्यांनी चित्र उचललं, सगुणाला उचललं आणि दोघांना दरबारात हजर केलं. राजाच्या थट्टेला एकच शिक्षा होती : पंख छाटायचे. सगुणाची पाचावर धारण बसली. घरट्यात पिल्लं होती, त्यांना अजून उडता येत नव्हतं.

महाराजांनी चित्राकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मुलांनो, वज्रनख आता म्हातारा झाला होता. आयाळ विरळ झाली होती, पुढचे दात पडले होते. हे त्याला कुणी सांगत नसे, पण पाणी पिताना पाणी सांगत असे. चित्रातल्या महाराजांची आयाळ घनदाट होती. दात पांढरेशुभ्र होते आणि सगळे जागच्या जागी होते.

महाराजांचे डोळे भरून आले.

"असाच तर आहे मी," ते म्हणाले.

बगळेप्रधानांनी एक डोळा उघडला. "हुबेहूब!" ते म्हणाले. दरबारानं लगेच री ओढली, "हुबेहूब!"

"महाराज, ती तर थट्..." सगुणानं तोंड उघडलं. मागोमाग उडत आलेल्या भिवाजीनं तिचं शेपूट ओढलं. शब्द घशातच राहिला आणि पंख अंगावर राहिले.

सगुणा राजचित्रकार झाली. चित्र गुहेच्या दाराशी टांगलं गेलं आणि मुजरे तिकडे होऊ लागले. गुहेच्या मागचा ढीग आता सरकारी झाला, त्याला चोच लावायची सोय उरली नाही. शिवाय प्रधानांनी कायदा केला : महाराजांच्या चित्राशी तंतोतंत न जुळणारा महाराजांसारखा चेहरा म्हणजे विडंबन. गौरवगीताशी तंतोतंत न जुळणारं गाणं म्हणजेही विडंबन. चित्र काढणाऱ्याचे पंख छाटायचे. तसं तोंड घेऊन फिरणाऱ्याला नदीपार हाकलायचं.

सगुणाला मान मिळाला आणि करमेनासं झालं. ती सकाळी रांगेत उभी राहून खरे शब्द म्हणे. ससा आशेनं तिच्याकडे बघे. ती मान फिरवी. तिला मनापासून वाईट वाटे.

महाराज मात्र खूश होते. मुजरे चित्र घेत होतं, त्यांना झोपायला मोकळीक होती. गुहेबाहेर ते येतच नसत. पण उन्हाळ्यात गुहेतलं कुंड आटलं आणि एके दुपारी ते एकटेच नदीवर पाणी प्यायला गेले.

तिथं नव्या भरतीचे रानकुत्रे पहाऱ्यावर होते. त्यांनी राजा पाहिला होता तो चित्रात.

"थांब रे! मक्याचे केस कुठायत तुझे?"

"मूर्खांनो, मी वज्रनख आहे!"

"आणि डोळे एकाच दिशेला कसे? महाराजांचे दोन दिशांना असतात. साधी नक्कलसुद्धा धड जमत नाही तुला!"

आणि मुलांनो, त्यांनी राजाला राजाची थट्टा केल्याबद्दल पकडलं.

दरबार भरला. बगळेप्रधानांनी आरोपीला पाहताक्षणी ओळखलं. पण त्यांनी विचार केला, हे महाराज खातात, खेकसतात, मधूनच हुकूम बदलतात. ते महाराज दाराशी गप्प टांगलेले असतात. प्रधानांनी डोळे मिटले.

"तू महाराज असशील तर गर्जना कर. गौरवगीतात लिहिलंय, डोंगर डोलले पाहिजेत."

महाराजांनी गर्जना केली. म्हाताऱ्या घशातून खोकल्यासारखं काहीतरी आलं. डोंगर जागचे हलले नाहीत. मोर नाचले नाहीत.

प्रधान पुरावे वाचू लागले. वाचन लांबलं. दुपारची वेळ, महाराजांना सवय. ते उभ्या उभ्या पेंगले, मग आडवे झाले आणि घोरू लागले.

काय ते घोरणं! पानं सळसळली, घरट्यांतली अंडी गडगडली. जंगलात असा एकही प्राणी नव्हता, ज्यानं ते ओळखलं नाही. सशानं खारीकडे बघितलं. खारीनं सगुणाकडे. पण त्या घोरण्यानं राजाला ओळखायचं, म्हणजे बंदी घातलेलं गाणं आपल्याला पाठ आहे असं कबूल करायचं. सगळे जमिनीकडे बघू लागले.

"राजचित्रकार," प्रधान म्हणाले, "हा आरोपी चित्राशी जुळतो का?"

भिवाजी कुजबुजला, "अगं, नाही म्हण आणि घरी चल. यंदाच्या पिल्लांना अजून पंख फुटायचेत."

सगुणानं झोपलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर तिनं त्याची टर उडवली होती, पण त्याचं वाईट कधी चिंतलं नव्हतं.

"हे खरे महाराज आहेत," ती म्हणाली. "चित्र खोटं आहे. ती मी केलेली थट्टा होती."

दरबारात चिडीचूप झालं. त्या शांततेनं महाराज जागे झाले.

प्रधान गोड आवाजात म्हणाले, "आरोपी, ही बाई म्हणते, त्या दिवशी महाराजांनी स्वतःची टवाळी पाहिली आणि ती न कळून भर दरबारात डोळ्यांत पाणी आणलं. असं घडलं होतं का?"

महाराजांनी सगुणाकडे बघितलं. मग चित्राकडे बघितलं. हो म्हटलं तर सिंहासन परत मिळत होतं. पण त्यावर बसणार होता एक वेडगळ म्हातारा, ज्याला थट्टा आणि स्तुती यांतला फरक कळला नाही. महाराजांनी मान वर केली. इतके ताठ ते कित्येक वर्षांत उभे राहिले नव्हते.

"खोटं आहे," ते म्हणाले. "महाराज कधीच फसत नाहीत. चित्र खरं आहे. नक्कल मी आहे."

आणि ते स्वतःच्या पायांनी नदीपार निघून गेले.

आता सगुणाचे पंख छाटायचे होते. पण त्याच आठवड्यात चित्राचे भोपळ्याचे दात उंदरांनी खाल्ले आणि मक्याची आयाळ गळू लागली. दुरुस्ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती. प्रधानांनी शिक्षा बदलली : तिनं जन्मभर महाराज चिकटवत राहावं.

पहिल्याच दिवशी सगुणाला राहवलं नाही. तिनं चित्राचा एक कान हनुवटीखाली चिकटवला आणि हसण्याची वाट बघत फांदीवर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राणी गौरवगीताला आले. प्रत्येकानं आपला एक कान वाकवून, खेचून, वेलीनं हनुवटीखाली बांधला होता. सशाला फार त्रास होत होता. कुणीही हसत नव्हतं.

सगुणा बराच वेळ त्या रांगेकडे बघत राहिली. थट्टा करायला समोर आधी काहीतरी धड असावं लागतं. तिला रडू आलं.

तात्पर्य : मुलांनो, राजाची थट्टा कधीही करू नये. त्याला राग येतो म्हणून नव्हे. त्याला ती आवडते म्हणून.