तीन पायांचा माणूस

लग्नाचा फोटो हातात दिला, तर म्हात्रेकाका नवरा-नवरीकडे बघायचेच नाहीत. "ह्याच्या बाजूला कोन उभा हाय?" एवढंच विचारायचे. कंपनीच्या ग्रुप फोटोचंही तेच.

मूळचे पेणच्या खाडीकडचे, धाटावला माझ्याच कंपनीत ऑपरेटर. रोह्यात माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. कोकण रेल्वे सुरू झाली आणि सुट्टी मिळाली की काका रत्नागिरीकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, जाऊ लागले. तिथे कातळावर आदिमानवाने कोरलेले मासे, हत्ती, वाघ, माणसं आहेत. काका ती कागदावर उतरवून आणत आणि भिंतीला टाचणीने लावत. दोन चित्रं एकाच कातळावर दिसली की त्यांच्यामध्ये लाल दोरा. दोऱ्यांचं एवढं जाळं झालं होतं की वाळत घातलेली बनियन शोधावी लागे.

"मासा सगल्यांच्यात मिसळतो रं," ते सांगत. "हत्ती जरा फटकून. वाघ तं फकस्त मानसाच्या बाजूला. कोन कोनाबरोबर कोरलाय ते कळलं, की कोरनारी मानसं कळतील."

कंपनीतले आम्ही हसायचो. सगळ्यांत जास्त मी. एकदा मी तीन पायांचा, डोक्यावर घागर घेतलेला माणूस काढला आणि मेहुण्याने राजापूरकडच्या सड्यावर पाहिला असं सांगून काकांना दिला. कँटीनमध्ये हा किस्सा रंगवून सांगितला. अजूनही आठवलं की कान तापतात.

महिन्याभराने काकांनी हाक मारली. तोंड उन्हाने काळवंडलेलं, पायांना फोड. भिंतीवर माझा माणूस होता, एकाही दोऱ्याशिवाय.

"चार सुट्ट्या गेलो. तुझ्या मेव्हन्याचा सडा पालथा घातला. हा गावला नाय, ह्याच्या बाजूचापन कोन गावला नाय. सगल्यांना कोनतरी हाय, मंग यालाच कसं कोन नाय? जेवताना समोर दिसतो रं. घास उतरत नाय."

माझी मान खाली गेली. "काका, तो मी काढलाय. चेष्टा केली तुमची. सड्यावर असं काही नाही."

मला वाटलं, आता हाकलून देतील. ते पलंगावर बसले. पायांच्या फोडांवरून बोट फिरवलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

"म्हंजे तिथं कोन एकटा नाय ना?" ते म्हणाले. "सुटलो बाबा."