वेगळं ताट

रामहरीने आपलं ताट आणि पेला उचलून शेळ्यांच्या गोठ्यात नेला, तेव्हा केवळाबाईंनी कानाडोळा केला. तिसऱ्या दिवशीही पोरगा गोठ्यात बसूनच भाकरी मोडायला लागल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला.

"का रं, घरात काटे हायत का?"

"तू लांब ऱ्हा आई. माझ्या पेल्याला हात लावू नगंस."

कारण आईला सांगण्यासारखं नव्हतंच. रामहरी सव्वीस वर्षांचा, पेडगावात साठ शेळ्यांचा धनी, आणि ताडकळसच्या रुपालीशी त्याचं लग्न एकवीस दिवसांवर आलेलं. गेल्या रविवारी दोघं पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेली. परतताना बाभळीच्या आडोशाला मोटारसायकल थांबली आणि दोघांच्या राजीखुशीने एक मुका झाला. दुसऱ्या दिवशी रामहरीचं तोंड आलं.

कळपात एकीच्या तोंडाला फोड दिसले, की तिचं चारापाणी वेगळं करायचं, हा शेळ्या राखणाऱ्याचा पहिला कायदा. रामहरीने तो स्वतःला लावला. मग मोबाईल काढला. फोडांपासून सुरू झालेलं बोट सरकत सरकत थेट एचआयव्हीवर जाऊन थांबलं. लक्षणांत थकवा होता. दिवसभर शेळ्यांमागे रान तुडवणारा माणूस थकणार नाही तर काय! पण त्याला घाम फुटला. त्याचा किंवा रुपालीचा आणखी कुणाशी कधी संबंध आला नव्हता, मग रोग येणार कुठून, एवढा विचार करायला भीती सवड देत नाही. आपल्यापायी रुपालीची जिंदगी बरबाद होणार म्हणून तो गोठ्यात खरोखर रडला.

केवळाबाईंनी वेगळाच अर्थ काढला आणि व्याह्यांना फोन लावला. "पोरगं ताट येगळं घेऊन बसायलंय. तुमच्या पोरीनं त्याला काय टाकून बोललं का?"

रुपालीचे वडील बन्सीधर मुळातच संशयी. "ताट येगळं? म्हंजी पोराला रोग हाय! शुक्रवारपतोर काय ते सांगा, न्हाईतर सोयरीक मोडली म्हणून समजा."

गुरुवारी सकाळी रामहरी परभणीच्या सरकारी दवाखान्यात हजर झाला. तिथे सल्ला द्यायला दैवशालाबाई होत्या. त्यांनी दार लावलं, खुर्ची पुढे केली आणि सगळं न हसता ऐकलं.

"मुका, तेवढंच ना? आणखी काही?"

"नरसिंहाची आण, म्याडम. तेवढंच."

"मग ऐका. एचआयव्ही लाळेतून पसरत नाही. मुक्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं तर नाहीच. तुम्हाला या कारणासाठी तपासणीची गरज नाही. मनाच्या समाधानासाठी करायची तर करा, फुकट आहे. पण मोबाईलवर रोग शोधणं आजपासून बंद."

"मंग तोंड कशानं आलं?"

दैवशालाबाईंनी बॅटरीचा उजेड पाडून तोंडात पाहिलं. "तंबाखू कुठल्या गालात धरता?"

"...डाव्या."

"फोड डावीकडंच आहेत. चुन्यानं भाजलंय. तंबाखू सोडा. पंधरा दिवसांत भरून आलं नाही, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा."

रामहरीला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. दार उघडून तो बाहेर आला, तर बाकावर ओढणीने तोंड बांधलेली रुपाली बसलेली.

"तू? हितं?"

"रविवारपसून व्हट जळायलाय माझा," ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. "त्यात तुमी ताट येगळं घेतलेलं ऐकलं. लय भ्या वाटलं, म्हणून इचारायला आले."

"अगं, काय फिकीर करू नगंस! म्याडमनी समदं सांगितलं. रोग न्हाई न् काय न्हाई. निस्ता चुना हाय!"

बोलून गेल्यावर रामहरीने जीभ चावली. पण उशीर झाला होता. रुपालीने ओढणी हळूच खाली केली. तिच्या ओठाच्या कडेला बारीकसा लाल डाग होता. डोळ्यांतलं पाणी आटलं होतं.

"चुना? सुपारी फुटली तवा तर तुमचे मामा म्हणले, आमचं पोरगं बडीशेपसुदिक खात न्हाई."

रामहरीने खिशातली तंबाखूची डबी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"बाबाला मी सांगते, रोग न्हाई म्हणून," ती उठत म्हणाली. "पर वीस दिसांत ही सुटली न्हाई, तर लग्न झाल्यावरबी गोठ्यातच जेवायचं."