वृंदावहिनींचा डबा

"दोन महिन्यांत राजसी मराठी वाचायला लागली नाही, तर मास्तर म्हणवून घेणार नाही!" असं कात्रपच्या अख्ख्या बिल्डिंगला छातीठोकपणे सांगून गुरुदत्त सर लेकीकडे जर्मनीला आले होते. एवढ्यावर थांबावं की नाही? नाही! "शेवटच्या शनिवारी व्हिडिओ कॉल लावू. परीक्षक म्हणून शेजारच्या वृंदावहिनीच बसतील!"

तो शनिवार उजाडला आणि अक्षरं सगळी ओळखूनही सात वर्षांची नात वाचताना अजून 'कमळ'वरच अडलेली! सरांनी उभ्या नोकरीत मुलांवर आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. "चल, नदीकाठच्या बाजारात जाऊ," ते म्हणाले. "घरात बसून अक्षरंही कंटाळली असतील."

बाजार उघड्यावर भरलेला. जुने दिवे, जोडी हरवलेले कप, कुणाच्या तरी आजोबांचे बूट! "आपल्या उल्हासनगरलाही अशीच गर्दी असते बरं का," सर सांगत होते, तेवढ्यात राजसी एका टेबलापाशी थबकली.

"आजोबा, या डब्यावर तुमची अक्षरं आहेत!"

स्टीलचा कडीचा डबा. झाकणावर, आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात घालून देतात तसलं टिंबाटिंबांचं नाव. राजसी बोट ठेवून वाचू लागली, "सौ... वृ, वृक्षातला वृ... वृं-दा... कुलथे... कात्रप!"

नात वाचायला लागली म्हणून नाचावं, की वृंदावहिनींचा डबा इथे कसा म्हणून मटकन खाली बसावं, सरांना कळेना!

कारण याच डब्यावरून कात्रपला सहा वर्षं धुमसत होतं. दिवाळीला चिवडा भरून दिलेला डबा परत आलाच नाही, असं वहिनींचं म्हणणं. सरांच्या सौभाग्यवती सुषमाताईंचं म्हणणं, "दिला म्हणजे दिला! वर लाडू घालून दिला!" दर हळदीकुंकवाला वाणाच्या आधी डब्याचा विषय निघायचा.

पण वहिनी तर एकट्या अंबरनाथच्या पुढे जात नाहीत! मग चोर? एका डब्यासाठी चोराने पासपोर्ट काढला? सरांचं डोकं मिक्सरसारखं फिरू लागलं.

"डबा कुणी आणला?" त्यांनी घाईघाईत टेबलामागच्या म्हातारीला मराठीतच विचारलं. तिने दोन बोटं दाखवली.

"बाप रे! दोघं होते?"

"आजोबा, दोन युरो!" राजसी म्हणाली.

डबा छातीशी धरून सर घरी निघाले. चोरी सिद्ध झाली! सुषमेचं नाव साफ झालं!

दारातच हिमानी, म्हणजे लेक, ओरडली, "बाबा! हा कुठे मिळाला? यात आईनेच तर चकल्या भरून दिल्या होत्या मला! तुम्ही यायच्या आधी घर आवरताना मी फुटपाथवर ठेवला होता. इथे तसंच करतात, ज्याला हवं तो नेतो."

सर काही बोलणार, तोच फोन वाजला. पडद्यावर शेजारीशेजारी सुषमाताई आणि वृंदावहिनी!

"राजसी," सर घाम पुसत कुजबुजले, "आपण 'कमळ' वाचू हं. छान असतं कमळ!"

"कमळ बाळांचं! मी डबा वाचणार!"

"वाचू द्या हो तिला!" सुषमाताई अभिमानाने म्हणाल्या. "वाच ग सोन्या, मोठ्याने वाच!"

राजसीने झाकण कॅमेऱ्यासमोर धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. या वेळी कुठेही न अडखळता!

पडद्यावरची चित्रं स्तब्ध झाली. नेट गेलं असावं, अशी सरांना आशा वाटली. नेट उत्तम होतं.

"सर," अखेर वृंदावहिनी म्हणाल्या, "काय शिकवलंत हो! अनुस्वारसुद्धा चुकला नाही. येताना ते पाठ्यपुस्तक तेवढं घेऊन या!"

"आजोबा, मी पास?"

"पास, बाळा, पहिल्या नंबराने पास," सर पुटपुटले आणि फोनवर हात ठेवून लेकीकडे वळले. "हिमानी, परतीचं तिकीट पुढे ढकलता येतं का ग?"