आप्पारावांचा टीव्ही बंकटच्या घरी

रविवारी चर्चच्या उपासनेत साक्षीची, म्हणजे उभं राहून आपला अनुभव सांगायची, वेळ आली तेव्हा आप्पाराव उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "प्रभूच्या कृपेनं आजपासून आमच्या घरातला टीव्ही बंद. ईस्टरपर्यंत. संध्याकाळी सगळं घर एका जागी बसणार, वचन वाचणार, बोलणार."

मंडळी "आमेन" म्हणाली. बायकांच्या बाजूला बसलेल्या त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनीही आमेन म्हटलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हे आपल्याच घराचं चाललंय.

"आवो, इचारायचं तरी!" वाटेत त्या फणफणल्या.

"चांगल्या कामाला काय इचारायचं?"

"मग मला चर्चात कळावं व्हय? घरी तुमची जीभ उचलत न्हवती?"

आप्पारावांचा हेतू खोटा नव्हता. मुलगा शांतवन कामावरून आला की ताट घेऊन टीव्हीपुढे. सून विजयमाला भाजी निवडणार ती टीव्हीपुढे. मनकर्णाबाईंचं तर अंथरूणच तिथं. घरात माणसं चार, पण सगळ्यांची तोंडं एका भिंतीकडे. मागे आप्पारावांना ताप भरला, तो जाहिराती लागल्यावर घराच्या ध्यानात आला होता. माणसानं एका छपराखाली राहून असं परक्यासारखं मरावं का, हा विचार तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. साठी उलटल्यावर चर्चमधल्या प्रौढांच्या वर्गात आप्पाराव अक्षरं शिकले होते. मोठ्या टायपाचं बायबल, त्यावर चष्मा, आणि ओळीवर बोट. एवढी कमावलेली विद्या ऐकायला कुणी नसलं तर तिचा काय उपयोग?

पहिल्या संध्याकाळी टीव्हीवर पलंगपोस टाकला. त्यावर मोर छापलेले होते. वाचन चालू असताना शांतवन त्या मोरांकडे असा टक लावून बसला, जसे काही ते आता नाचणारच आहेत. आप्पाराव समजले. वस्तू डोळ्यांसमोरून हलवल्याशिवाय मन हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्ही समोरच्या बंकटच्या घरी नेऊन दिला.

बंकट मेंढरं राखायचा. त्याचा टीव्ही पावसाळ्यात वीज पडून गेला होता.

"ईस्टरपस्तोर ठिव," आप्पाराव म्हणाले.

"ठिवतो की. आपल्याच घरी हाय समजा."

त्या संध्याकाळी आप्पारावांनी एकशे एकोणिसावं स्तोत्र काढलं. साऱ्या बायबलात त्याच्यासारखं लांब स्तोत्र नाही. एकेक अक्षर बोटाखाली धरायचं, दुसऱ्याला जोडायचं, जुळलं नाही की पुन्हा मागं जायचं. थोड्या वेळानं मनकर्णाबाई उठल्या. "इरजण न्हाई घरात. बायडाबाईकडून आणते." बायडाबाई म्हणजे बंकटची बायको. बराच वेळ विरजण आलं नाही, म्हणून विजयमाला म्हणाली, "मामा, आत्याबाईला बघून येते." मग दोघींना बघायला शांतवन गेला.

आप्पारावांना उठता येईना, कारण बोट उचललं तर ओळ हरवली असती.

इतक्यात बंकट खांद्यावरची घोंगडी सावरत उंबऱ्यात आला. "आप्पा, जरा टेकू का? माझ्या घरात पाय ठिवायला जागा न्हाई."

"कावून?"

"तुमचीच माणसं हायती की. टीव्हीपुढं मांडी घालून."

आप्पाराव ताडकन उठले, समोरच्या दारात गेले. "बायडाबाई, टीव्ही ठिवायला दिलता, लावायला न्हाई!"

बायडाबाई शांतपणे म्हणाल्या, "आता बगा, म्हस ठिवायला दिली तर तिची धार काढायची न्हाई व्हय? बिचारी दाटून मरंल की."

आप्पाराव परत आले आणि हरवलेली ओळ शोधू लागले.

मग हे रोजचंच झालं. दिवेलागण झाली की घरात काहीतरी संपायचं. कधी मीठ, कधी काडेपेटी. एकदा तर शांतवन शिडी मागायला गेला, आणि शिडी आप्पारावांच्याच परसात होती. इकडे वाचन ऐकायला उरला तो बंकट. "वाचा आप्पा, वाचा. दिवसभर रानात हिंडून आलो, तुमच्या वाचण्यानं लई ग्वाड झोप लागती."

आप्पाराव एकटेच पानावर बोट ठेवून बसत. टीव्ही घरात होता तेव्हा घरच्यांच्या पाठी तरी दिसत होत्या. आता त्याही दिसत नव्हत्या.

त्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना गाठलं. "आप्पाराव, शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेला तुमच्या घरी येतो. रविवारी मंडळीपुढं नमुना म्हणून तुमचंच घर ठेवायचं."

चारचौघांत उभं राहून दिलेला शब्द होता तो. शुक्रवारी त्यांनी घरात हात जोडले. "एक संध्याकाळ बसा. माझ्या शब्दासाठी."

"बसते की. मी कुटं पळून चाललेय?" मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या. पण पाळकसाहेबांना उशीर झाला आणि मालिकेत त्याच दिवशी लग्न होतं. आप्पाराव हातपाय धुवायला गेले. ते येईपर्यंत नवरीच्या गळ्यात हार पडेल असा हिशेब करून बाई गेल्या. त्यांना बोलवायला विजयमाला गेली, तिला बोलवायला शांतवन. हातपाय पुसत आप्पाराव बाहेर आले तेव्हा अंगणात मोटारसायकल थांबत होती.

पाळकसाहेबांनी रिकामी चटई पाहिली. "घरची मंडळी?"

आप्पाराव चटई सरळ करू लागले. पण उंबऱ्यात बंकट होताच. "माझ्या घरी हायती साहेब. टीव्ही यांचा, घर माझं."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पाळकसाहेब मात्र रागावले नाहीत. चटईवर बसत म्हणाले, "आपण तिघं तर आहोत. वाचा, आप्पाराव."

आप्पारावांनी बायबल उघडलं. चष्मा गायब! कोनाडा बघितला, उशी उचलली. मग उमगलं. नवरीचे दागिने नीट दिसावेत म्हणून चष्माही लग्नाला गेला होता.

"आता कसं वाचू?"

"वर्गात यायच्या आधी काय करत होता?"

"तवा काय, ऐकलेलं तोंडानं सांगायचो."

"मग तसंच सांगा."

आप्पारावांनी नाइलाजानं बायबलातली एक गोष्ट सुरू केली. "एक मेंढपाळ होता. त्याची शंभर मेंढरं. आपल्या नारायणगडाच्या उतारावर चारत होता. सांजेला मोजली तर एक कमी. मग त्यानं नव्व्याण्णव तिथंच रानात सोडली आन् त्या एकीला हुडकायला निघाला."

पेंगणारा बंकट खडबडून जागा झाला. "काय केलं? नव्व्याण्णव उघड्यावर सोडली? येडा हाय का त्यो!"

"आरं, एक हरवली ना."

"हरवू द्या! लांडगा आला म्हंजे? धा-वीस जातील की नाहक! मी जल्म मेंढरात काढला आप्पा, मला सांगू नगा!"

"पण ती एक तुझ्या हातावर वाढलेली असंल तर? पायानं लंगडी?"

"लंगडी?" बंकट दुप्पट ओरडला. "लंगडी हाय हे आधी सांगायचं न्हाई व्हय!"

आवाज गल्लीत गेला. नवऱ्याचं भांडण लागलं म्हणून बायडाबाई पळत आल्या. भांडण म्हटल्यावर विजयमाला आली, शांतवन आला, आणि नाकावर चष्मा तसाच ठेवून मनकर्णाबाईही आल्या. टीव्हीतली नवरी हार घेऊन तिकडे एकटीच उभी राहिली. पाळकसाहेबांना बघून घरची तिघं चटईच्या कडेला चोरासारखे टेकले.

"कुणाला तरी राखणीला ठिवलं असंल की त्यानं," बायडाबाई म्हणाल्या.

"कुत्रं असंल," शांतवन म्हणाला.

"मामा, मग घावली का ती?" विजयमालानं विचारलं.

आप्पारावांनी वर बघितलं. सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे होती. कितीतरी दिवसांनी. ते म्हणाले, "सांगतो. पण मधी उठायचं न्हाई."

मेंढरू सापडलं तेव्हा बंकटनं घोंगडीनं डोळे पुसले. मनकर्णाबाईंनी चष्मा काढला, नवऱ्यापुढे धरला, आणि थोडा विचार करून आपल्याच पदरात बांधला.

पुढल्या संध्याकाळी बायडाबाई डोक्यावर टीव्ही घेऊन दारात. "धरा तुमचा. आमी दोघं गोष्टीला इकडं येणार. मग ह्याला राखायला घरी कोण बसायचं?"

रविवारी साक्षीची वेळ आली. आप्पाराव उठायला लागले, पण बायकांच्या बाजूनं मनकर्णाबाई आधीच उभ्या राहिल्या होत्या.

"टीव्ही घरी आलाय. मोरांच्या खाली हाय," त्या म्हणाल्या. "आमचे मालक सकाळी वाचणार आन् सांजेला सांगणार. आजपासून सांजेचा चष्मा माझ्यापाशी."

मंडळीबरोबर आप्पारावांनीही आमेन म्हटलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हे आपल्याच चष्म्याचं चाललंय.