सावंतकाकांचं पार्टिशन

आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमधले सावंतकाका कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी घरातल्या सपातासुद्धा काढून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "घरात जातंय ना मी!"

काकांचा अर्धा जन्म गिरणगावातल्या चाळीत, एका खोलीत दहा माणसांबरोबर गेला. खोलीत प्लायवुडचं पार्टिशन असणं ही त्यांच्या लेखी श्रीमंती. त्यामुळे हार्ड डिस्कचीही पार्टिशनं करता येतात हे कळल्यावर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. सी म्हणजे स्वयंपाकघर, "थंय उगाच कोणी घुसूचा नाय." डी म्हणजे हॉल, चारचौघांना दाखवायचे फोटो तिथे. ई पोटमाळा. त्यात भंगारात गेलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्डसुद्धा स्कॅन करून ठेवलेलं. एफ देव्हारा, म्हणजे भजनं. एकदा लग्नाचे फोटो चुकून पोटमाळ्यावर गेले, तर दोन दिवस काकांना जेवण गेलं नाही.

कॉम्प्युटर फारच रखडायला लागला तेव्हा मी नवी, मोठी डिस्क सुचवली. "म्हणजे शिफ्टिंग!" काका खूश. नवी डिस्क आली ती आधी देवापुढे गेली, तिला साखरेचा नैवेद्य झाला आणि मग रविवारी सकाळी माझ्या हातात आली.

हलवण्याआधी जुनं आवरावं म्हणून मी पार्टिशनं बघत होतो. शेवटच्याचं नाव नुसतं 'मा.' वीस जीबी, आणि आत काहीही नाही. काका 'माळा' लिहिता लिहिता कंटाळले असतील असं मला वाटलं. ते आत चहा करत होते. विचारायचं कशाला? मी ते उडवलं आणि जागा सीला जोडून टाकली.

"काका, स्वयंपाकघर मोठं केलं!"

काकांनी कप खाली ठेवले. स्क्रीनकडे बघितलं. "'मा.' खंय?"

"रिकामं होतं ते."

"रिकामाच होता रे. मालिनीचा होता."

मालिनीकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली. चाळीत त्यांचं एकच मागणं होतं: एक पार्टिशन घाला, मला माझा कोपरा हवा. आधी दिराचं लग्न निघालं, मग गावाहून पुतण्या आला. इथे फ्लॅट झाला, तर खोली मुलांच्या अभ्यासाला गेली.

"कॉम्प्युटर आणलंय तेव्हा तिका म्हटलं, घे, ह्या तुझा पार्टिशन. हसली. म्हणाली, मी काय ठेवूचंय नाय, पण कोणाक आत सोडू नकात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत काहीच नव्हतं, तेव्हा गेलंही काही नाही, हे फक्त कॉम्प्युटरच्या हिशेबाने खरं होतं.

नव्या डिस्कवर मी सगळ्यात आधी ते पार्टिशन केलं. नाव लिहिलं, 'मा.'

"वीस जीबीच ना, काका?"

"नव्या घरात जागा आसा ना?"

"भरपूर."

"मगे तिका वाईच मोठी खोली दी."